करदोड्याखालची खपली

आमच्याकडं कुणाला ताप आला की बघायला येणारा माणूस खाटेच्या कडेला टेकतो, "काय खाल्लं होतं?" म्हणून विचारतो आणि उत्तराची वाट न बघता आपल्या मेव्हण्याच्या तापाची हकीकत सुरू करतो. मी पडलो तेव्हा असे मेव्हणे लय ऐकले. डेंग्यूवाले झाले, मलेरियावाले झाले, एक कावीळवाला पण होता, त्याचा तर ह्या सगळ्याशी काही संबंध नव्हता. माझा ताप मात्र कुणाच्याच मेव्हण्याला आल्ता न्हाई. म्हणून म्हटलं, ही हकीकत आपणच सांगून ठेवावी, कुणाच्या तरी कामी येईल.

मी बसवर कंडक्टर होतो. सगळी नोकरी भोकरदन, हसनाबाद, जालना ह्याच रस्त्यांवर गेली. वडील मेंढरं वळायचे. माझ्या वाट्याला मेंढरांऐवजी प्रवासी आले, वळायचं काम तेच राहिलं. आता रिटायर होऊन हसनाबादच्या शिवारात, शेतातच घर बांधून राहतो. मी आणि आमची मंडळी, गोदा. थोडी कपाशी, थोडी मका, दारात शेळ्या. कंडक्टरला इकडं मास्तर म्हणतात, लोक अजून मला मास्तरच म्हणतात.

आम्हाला एकच लेक, रेणू. ती तीर्थपुरीला दिली. त्या साली तिला दिवस गेल्ते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्यात ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात तिला आणायची होती. गोदानं उन्हाळ्यातच तयारी मांडली. डिंक आणला, हाळीव आणले, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली. आणि सरपण केलं. बाळंतिणीच्या अंगावर गॅसवरचं पाणी घालायचं न्हाई, चुलीवर रटरटलेलंच घालायचं, असा तिचा हट्ट. कपाशी उपटून झाल्यावर सगळ्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, आम्ही दोघांनी मोळ्या बांधून घरामागं आणल्या आणि न्हाणीला लागून त्यांची भली मोठी गंजी लावली. वर ताडपत्री घातली. ह्या गंजीतल्या काडीला कुणी हात लावायचा न्हाई, मी पण न्हाई, असा हुकूम निघाला.

पावसाळ्यात त्या गंजीभोवती गुडघ्याएवढं गवत माजलं. मला ती जागा आवडायची. दुपारी तिथं सावली यायची. मी सदरा काढून, गंजीला पाठ लावून बसायचो आणि मोबाईलवर जुनी गाणी ऐकायचो. गोदा म्हणायची, म्हातारपणी गडी उघडाबंब बसून राह्यला. मी म्हणायचो, आयुष्यभर खाकी घातली, आता अंगाला जरा हवा लागू दे.

ताप

गणपती उठले आणि ताप आला. साधा ताप म्हणून एक-दोन दिवस अंगावर काढला. मंग डोकं असं ठणकायला लागलं की उजेड नको वाटायचा. डोळे लाल झाले. जवळच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, ताप तेवढ्यापुरता उतरला आणि दुप्पट चढला. रक्त तपासलं तर पेशी कमी. झालं, सगळ्या गावानं डेंग्यू ठरवून टाकला. पपईच्या पानाचा रस सुरू झाला. तो रस प्यायला लागू नये म्हणून तरी माणसानं बरं व्हावं, इतका कडू असतो. तपासणीत डेंग्यू निघाला न्हाई. मलेरियाही न्हाई. त्या डॉक्टरचा दोष म्हणणार न्हाई मी. पावसाळ्यात त्याच्या दारात तापाच्या माणसांची रांग असते आणि ताप सगळ्यांचा सारखाच दिसतो.

मंग मला धाप लागायला लागली. खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाईतो दम भरायचा. धाकट्या भावानं, दादारावनं, गाडी काढली आणि मला जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. त्या प्रवासातलं मला फार आठवत न्हाई. गोदा सांगते की वॉर्डात मी उठून बसल्तो आणि शेजारच्या पेशंटला "पुढं सरका, पुढं जागा आहे" म्हणत होतो. सुट्टे पैसे पण मागितले म्हणे. लोक हसले. गोदा न्हाई हसली.

मला भीती वाटली का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. वाटली. मधून मधून शुद्ध यायची तेव्हा एकच गोष्ट डोक्यात असायची, की रेणूचं लेकरू आपल्याला दिसणार न्हाई. बाकी शेत, शेळ्या, घर, काही आठवलं न्हाई. आपल्याला वाटतं मरताना फार मोठं काहीतरी मनात येत असंल. माझ्या मनात न्हाणी, चूल आणि रडणारं लेकरू येत होतं.

करदोडा

दवाखान्यातले डॉक्टर शांत माणूस होते. सगळे कागद बाजूला ठेवून त्यांनी मला डोक्यापासून तपासायला घेतलं. काखा बघितल्या, कानामागं बघितलं, मांड्या बघितल्या. गोदाला विचारलं, ह्यांच्या अंगावर कुठं काळी खपली बघितली का, विडीचा चटका बसल्यासारखी? गोदा म्हणाली, न्हाई, मी रोज अंग पुसून राह्यले, खपली बिपली काही न्हाई.

मंग त्यांचं लक्ष माझ्या कमरेकडं गेलं. मी काळा करदोडा घालतो. लहानपणापासून घालतो. चांगला जाड, दुहेरी पिळाचा, निरगाठ मारलेला. रिटायर झाल्यापासून पोट सुटलं आणि करदोडा तिथंच राहिला, त्यामुळं तो पोटाच्या वळीत पार रुतून बसल्ता. अंग पुसताना फडकं त्याच्यावरून जायचं, खाली जायचं न्हाई. डॉक्टरांनी तो सरकवून बघितला, सरकला न्हाई. त्यांनी सिस्टरला सांगितलं, कात्री आणा, हा दोरा कापा.

गोदा मधी उभी राहिली.

"त्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "माणूस जित्ता आहे माझा."

ज्यांच्यात ही रीत न्हाई त्यांना हे कळायचं न्हाई, म्हणून सांगतो. आमच्यात पुरुषाचा करदोडा माणूस गेल्यावरच तोडतात. जुना झाला, झिजला, तरी आपण स्वतः बदलतो, तेही सणावाराला. पण पडलेल्या माणसाचा करदोडा दुसऱ्यानं कात्रीनं तोडायचा, म्हणजे काय झालं ते बाईला सांगावं लागत न्हाई. माझे वडील गेले तेव्हा त्यांचा करदोडा तोडताना गोदा तिथंच उभी होती. तिला तेच दिसलं असणार.

हे सगळं मला नंतर गोदानं सांगितलं आणि दादारावनंही सांगितलं. दोघांचं सांगणं बराबर जुळतं, हेच आमच्या घरात नवल आहे. दादाराव तिच्यावर ओरडला म्हणे, वहिनी, डॉक्टरला कळतं का तुला? तीही ऐकंना. डॉक्टर मात्र ओरडले न्हाईत. स्टूल ओढून बसले आणि तिला म्हणाले, बाई, मला नीट सांगा, काय अडचण आहे. गोदानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मंग म्हणाले की मला ह्या दोऱ्याखाली बघायचंच आहे, आणि जल्दी बघायचं आहे. काय केलं तर चालंल ते तुम्ही सांगा.

गोदानं दादारावला सांगितलं, खाली जा, दवाखान्याबाहेर ज्या दुकानात नारळ-उदबत्ती ठेवतात तिथून काळा दोरा घेऊन ये. दादाराव पळत गेला. तिनं तिथंच, माझ्या खाटेपाशी उभ्या उभ्या, दोऱ्याला पीळ घातला आणि जुन्या करदोड्याच्या वर, चार बोटं सोडून, नवा करदोडा मला बांधला. कंबर मोकळी राहिली न्हाई. मंग म्हणाली, आता तोडा जुना.

सिस्टरनं जुना दोरा कापून बाजूला केला. त्याच्या बराबर खाली, पोटाच्या वळीत, हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी खपली होती. भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून मलाही तिचा पत्ता नव्हता.

डॉक्टर गोदाला म्हणाले, "बाई, मी हीच शोधत होतो."

त्या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत न्हाई असा एक बारका किडा असतो, चिगर म्हणतात त्याला. तो गवतात, उंदरांच्या अंगावर असतो. माणसाच्या अंगावर चढला की जिथं कपडा घट्ट बसतो तिथं जाऊन चावतो. चावलेलं कळत न्हाई. आजार ओळखला तर औषध साधं आहे, गल्लोगल्ली मिळणाऱ्या गोळ्यांतलं. ओळखलाच न्हाई तर माणूस जातो. त्याच दिवशी मला ते औषध सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरायला लागला.

इतकंच सांगतो. ताप उतरंना आणि कारण सापडंना, तर करदोडा सोडून बघा. बायांनी परकराची नाडी, लुगड्याची गाठ, पोलक्याच्या आतली पट्टी, सगळ्याखाली बघा. आणि गवतात, बांधावर, सरपणात वावर होता का, हे डॉक्टरला आपणहून सांगा.

वॉर्ड

ताप उतरल्यावर वॉर्ड दिसायला लागला. सकाळी फिनेलचा वास, मंग झाडू, मंग चहाचा थर्मास घेऊन फिरणारा माणूस, मंग डॉक्टरांची फेरी. दुपारी सगळं सामसूम. शेजारच्या खाटेवर परतूरचे एक गृहस्थ होते, ज्यांना मी पुढं सरकायला लावल्तं. त्यांनी मनाला लावून घेतलं न्हाई. त्यांच्या घरून दही यायचं, त्यातली वाटी ते माझ्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, घ्या मास्तर, हाफ तिकीट. गोदा खाटेखाली चटई टाकून झोपायची. जुना करदोडा तिनं रुमालात बांधून कनवटीला ठेवल्ता. तो तिनं नंतर नदीत सोडला.

पण बरं होता होता दुसरंच दुखणं आलं. तीर्थपुरीहून विहीणबाईंचा फोन आला. भल्या बाई आहेत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी माझी तब्येत विचारली, काळजी घ्या म्हणाल्या, आणि मंग गोदाला म्हणाल्या की किडा तुमच्या शेतात आहे म्हणतात, तर पोटुशी पोर मी तिथं कशी पाठवू? बाळंतपण इथंच करू. पोटुशीला हा आजार लय वाईट, असं त्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते पण तेच म्हणाले.

गोदा फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून बसली. तिला वाटलं, आपल्या घराला नाव ठेवलं. रेणूचा वेगळा फोन आला, ती रडून राह्यली. मी पडल्या पडल्या ऐकत होतो आणि मला विहीणबाईंचं बिलकुल पटत होतं. पण ते बोलायची हिंमत झाली न्हाई. ज्या बाईनं मला करदोड्यासकट परत आणलं, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुझी लेक माहेरी यायच्या लायकीचं आपलं घर राहिलं न्हाई?

मी डॉक्टरांना विचारलं, तो किडा मला चावला कुठं, हे कळायची काही सोय आहे का? म्हणजे बांधावर चावला, का गोठ्यात, का घराशी? ते म्हणाले, आहे. किडे पकडून बघणारं पथक असतं. मी कळवतो.

पिंजरे

घरी आल्यावर काही दिवसांनी त्या पथकाची जीप आली. त्यातून शेख मॅडम उतरल्या आणि त्यांची दोन माणसं. मॅडम तरण्या होत्या, बारीक अंगाच्या, आणि पायमोजे पँटच्या वरून गुडघ्यापर्यंत ओढलेले. गोदा माझ्या कानात म्हणाली, ह्यांना घालायचं कळंना का? पण ते मुद्दामच होतं. किडा बुटावरून वर चढतो, त्याला पँटच्या आत शिरायला वाट ठेवायची न्हाई. हातात मोजे, तोंडाला मास्क, अंगाला कसलंसं औषध चोळलेलं. गवतात त्या कुठं टेकल्या न्हाईत की बसल्या न्हाईत. आम्हालाही पहिलं तेच सांगितलं, की पिंजऱ्याला हात लावायचा न्हाई, आत उंदीर असो की नसो. आणि असले उद्योग आपले आपण घरी करायचे न्हाईत.

पिंजरे म्हणजे पत्र्याचे लांबट डबे. उंदीर आत गेला की दार पडतं. त्याला मारायचं न्हाई, जित्ताच धरायचा, कारण उंदीर मेला की किडे त्याच्या अंगावरून उतरून चालू लागतात. डब्यात खायला काय, तर कांदा भजी. जीपमध्ये भज्यांचा पुडाच होता. सगळ्या अंगणात वास सुटला. मी पथ्याची खिचडी खाऊन राह्यलो होतो, मला फार अन्याय झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी संध्याकाळी बांधावर डबे ठेवले, शेळ्यांपाशी ठेवले, विहिरीच्या वाटेवर ठेवले. आणि सगळ्यात जास्त ठेवले न्हाणीमागं, पऱ्हाट्यांच्या गंजीभोवती. सकाळी येतो म्हणून गेले. मी गोळ्या घेऊन पडलो.

सकाळी मॅडम आल्या. बांधावरच्या डब्यांत उंदीर सापडले. ते डबे त्यांनी एकेक करून कापडी पिशवीत रिकामे केले, उंदराला गुंगी दिली, पांढऱ्या थाळीवर धरून बारीक ब्रशनं त्याचे कान झाडले. मी लांबून, त्यांनी आखून दिलेल्या जागेवरून बघत होतो. उंदराच्या कानात शेंदरी रंगाचे कण चिकटलेले होते, तिखटाची पूड सांडावी तसे. भिंगातून त्यांनी मला दाखवले तेव्हा ते कण चालत होते. ह्या एवढ्याशा जिनसानं मला खाटेवर पाडून तिकिटं फाडायला लावली, हे बघून मला आधी हसू आलं आणि मंग घाम फुटला.

गंजीभोवतीचे डबे मात्र सगळे रिकामे. दारं उघडी, भजी जशीच्या तशी. मॅडम म्हणाल्या, नवल आहे, एकानंही तोंड लावलं न्हाई. तरी त्यांनी सावरून सांगितलं की एका खेपेवरून पक्कं बोलता येत न्हाई. पण गोदानं पुढचं ऐकलंच न्हाई. ती घरात जाऊन रेणूला फोन लावून राह्यली होती, की बांधावर आहे किडा, घराजवळ काही न्हाई, मॅडमनं स्वतः बघितलं. विहीणबाईंना तिनं फोनवर घेतलं. त्या म्हणाल्या, असं असंल तर पाठवते. जावईबापू गाडी घेऊन येतील तो दिवस पण ठरला. त्या दिवशी गोदानं पुरणाचा बेत केला आणि मला पथ्यातून सूट दिली.

घमेली

रेणू यायला दोनच दिवस राहिल्ते. शेख मॅडम तपासणीचं सांगायला आल्या. बांधावरच्या उंदरांत आजाराचे जंतू निघाले होते. बांधाचं गवत काढा, तिकडं बसू नका, असं त्या सांगत होत्या. गोदा खुशीत होती. तिनं चहा केला आणि वर भजी तळली. ताटली मॅडमपुढं ठेवत म्हणाली, घ्या, उंदरांनी खाल्ली न्हाईत ती तुम्ही खा.

मॅडम हसल्या. गोदा पण हसली आणि म्हणाली, खातील कशी? मी सगळ्या डब्यांवर घमेली पालथी घातल्ती ना.

मॅडमचा हात ताटलीवरच राहिला. त्यांनी विचारलं, काकू, कुठल्या डब्यांवर?

गोदानं सरळ सांगून टाकलं. तिच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही लोक गेल्यावर मला वाटलं, रेणूच्या न्हाणीचं सरपण आहे ते, त्याच्याभोवती भजी मांडून सगळ्या शिवारातले उंदीर तिथं काहून बोलवायचे? डब्याला हात लावला न्हाई मी, तुम्ही सांगितलं होतं ना. वरून घमेली घातली, टोपल्या घातल्या, वर विटा ठेवल्या. सकाळी तुमच्या आधी उठून काढून ठेवल्या.

मी कप खाली ठेवला. मॅडम रागावल्या न्हाईत. त्या एवढंच म्हणाल्या, काकू, उंदीर आपण बोलावत न्हाई. ते आधीच तिथं राहात असले तर डब्यात येतात. तिथं कोण राहतं, तेच आपल्याला बघायचं होतं.

गोदाला कळायला जरा वेळ लागला. मी उघड्या अंगानं रोज त्या गंजीला टेकून बसायचो, हे तिला आठवलं असणार, कारण तिनं माझ्या कमरेकडं बघितलं. मंग म्हणाली, "अहो, परवा रेणू तिथंच न्हायली असती."

त्याच संध्याकाळी डबे परत मांडले. ह्या खेपेला गोदानं सगळी घमेली उचलून मळ्यातल्या खोलीत टाकली आणि कुलूप लावलं. सकाळी गंजीभोवतीचे बहुतेक डबे बंद होते आणि आत खुडबुड चालू होती. पांढऱ्या थाळीवर पुन्हा ती शेंदरी पूड पडली. मॅडमनी गवतात काळ्या फरशीचे तुकडे ठेवले आणि थोड्या वेळानं आम्हाला भिंग दिलं. काळ्या फरशीवर शेंदरी ठिपके चढत होते. गोदा लय वेळ बघत होती. उन्हाळाभर जी मोळी मोळी वाहून आणली, ती रेणूसाठी न्हाई तर ह्यांच्यासाठी आणली, असं ती म्हणाली.

आता फोन कुणी करायचा? दादाराव म्हणाला, खरं सांगू नका. विहीणबाई कायमचं दार लावतील. सांगा की दिवस बरा न्हाई, पुढच्या आठवड्यात या, तोवर इकडं साफसफाई करू. मला ते सोयीचं वाटलं. खोटं कशाला सांगू, सोयीचंच वाटलं. मी मोबाईल हातात घेऊन बोलायचं काय ते जुळवत होतो.

गोदानं माझ्या हातातून मोबाईल घेतला. विहीणबाईंना तिनं सगळं सांगितलं, भज्यापासून घमेल्यापर्यंत. म्हणाली, चूक माझी आहे, मॅडमची न्हाई. पोरीला आत्ता पाठवू नका. पाठवायचं का न्हाई ते पण तुम्हीच ठरवा, मी बोलणार न्हाई.

मंग विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं, म्हणून पाठवीन. साफ झालं की तुम्हीच कळवा."

गोदा त्या दिवशी रडली. मीही रडलो, पण शेळ्यांना चारा टाकायच्या निमित्तानं गोठ्यात जाऊन.

साफसफाई

गंजी पेटवून द्यावी असं माझ्या मनात आल्तं. मॅडमनी अडवलं. आग लावली तर उंदीर पळतात आणि किडे गवतात राहतात, तेही उपाशी. आधी उंदीर धरायचे, जमिनीवर पावडर टाकायची, मंग गंजी मोडायची. पथकानं पिंजरे काही दिवस चालू ठेवले. मंग दादाराव आणि गडी गमबूट घालून, पायमोजे वर ओढून, काठ्या घेऊन गंजीला भिडले. मला मॅडमनी खुर्चीवर लांब बसवलं. गवत मुळासकट काढलं, पऱ्हाट्या घरापासून लांब नेऊन पेटवल्या, कामावरचे कपडे रोज उकळत्या पाण्यात टाकले. जमीन चोपून मुरूम अंथरला. परत काळ्या फरश्या ठेवल्या, दोनदा, मध्ये काही दिवस सोडून. दोन्ही खेपेला त्या कोऱ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला गोदानं भिंग घेऊन स्वतः प्रत्येक फरशी बघितली आणि मंगच तीर्थपुरीला फोन लावला.

सातवा सरून आठवा लागल्ता तेव्हा रेणू आली. गोदानं भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं. चुलीचा हट्ट तिनं सोडला न्हाई, पण सरपण आता वावराच्या त्या टोकाला, दगडांवर उंच रचलेलं असतं. लागंल तेवढंच दादाराव आणून देतो, तेही झटकून.

मुलगा झाला. मला तो दिसला. एवढंच मागितलं होतं मी वॉर्डात, त्यामुळं जास्त काही लिहीत न्हाई.

बारशाला विहीणबाई आल्या. पाळणा झाला, नाव ठेवलं, मंग लेकराला करदोडा बांधायचा होता. आजोळचा करदोडा असतो तो. गोदानं काळ्या दोऱ्याला पीळ घातला, लेकराच्या कमरेभोवती नेला आणि गाठ मारली. विहीणबाई शेजारी बसल्त्या. त्यांनी गाठीकडं बघितलं आणि गोदाला म्हणाल्या, विहीणबाई, सुरगाठ मारली तुम्ही, ओढली की सुटंल ना ती.

"सुटायलाच पाहिजे," गोदा म्हणाली. "रोज सोडायचा, खाली बघायचं, मंग बांधायचा."

विहीणबाईंनी लेकरू जवळ ओढलं, गाठीचं टोक हळूच खेचलं, दोरा सुटला. त्यांनी कमरेवरून बोट फिरवून सगळीकडं नीट बघितलं. मंग गोदानं दाखवली तशीच सुरगाठ त्यांनी आपल्या हातानं बांधली.